कुंकू लावलेल्या साड्या

वैशाख तापला होता आणि मुलुंडच्या सोसायट्यांमध्ये यंदा कुणालाच भांडी नको होती.

जानकी पाटी डोक्यावर घेऊन सकाळपासून फिरत होती. पाटीत डबे, पातेली, तांबे, कळशा आणि सगळ्यांच्या मधोमध उपडा घातलेला एक हंडा. जुने कपडे घ्यायचे आणि त्यांवर भांडं द्यायचं, हा तिचा धंदा. लग्न होऊन कणकवलीकडून मुंबईला आली तेव्हा चाळीतल्या शेजारणीच्या मागे मागे फिरून ती तो शिकली होती. साडी उजेडाकडे धरून विरली आहे का बघायचं, काठाची जर चिमटीत धरून खरी की खोटी ते बघायचं, आणि बाईनं साडीचं कितीही कौतुक सांगितलं तरी तोंड वाकडं करून "ह्याचं काय येणार वहिनी" म्हणायचं. बाई चिडून मोठा डबा मागते, जानकी लहान पुढे करते, आणि आपणच दुसरीला फसवलं असं दोघींनाही वाटलं की सौदा मिटतो. मे महिना म्हणजे तिची सुगी. परीक्षा संपलेल्या असतात, कपाटं उपसली जातात, लग्नाचे आहेर घरात येऊन पडतात आणि जुन्याला बाहेरची वाट दाखवली जाते.

यंदा दारं उघडायची आणि लगेच मिटायची.

"नको गं. आम्ही सगळं मंडळाला दिलं."

"एखादी पँट तरी वहिनी?"

"अगं, हातरुमालसुद्धा ठेवला नाही मंडळानं."

मंडळ म्हणजे दीपमाळ महिला मंडळ. नीलगंध सोसायटीतल्या इरावतीताई त्याच्या अध्यक्ष. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना स्वस्थ बसवत नव्हतं, आणि त्या बसल्या नाहीत म्हणजे आजूबाजूच्या सोसायट्यांतल्या कुठल्याच बाईला बसता येत नव्हतं. रक्तदान झालं, वह्यावाटप झालं, वृद्धाश्रमात दिवाळीचा फराळ झाला. या वर्षी त्यांनी वस्त्रदान काढलं. डोंगराच्या कडेला जो पाडा आहे तिथल्या बायकांना साड्या द्यायच्या. आणि ताईंचं काम अर्धंमुर्धं नसायचं. साडी धुतलेलीच हवी, इस्त्री केलेलीच हवी, आणि देण्याआधी तिच्या पदराच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावलेलंच हवं. कोरा पदर कुणाला देऊ नये, असं त्यांच्या आजेसासूबाई सांगायच्या. त्यामुळे ताई हॉलमध्ये करंडा घेऊन बसायच्या आणि साडी साडीला बोट लावायच्या. शेवटी शेवटी त्यांचं बोट आठवडाभर लाल राहिलं.

आता दान म्हटल्यावर बोलायची सोय नसते. जानकीनं तोंड मिटून घेतलं, पण मनातल्या मनात ती मंडळाला रोज सकाळी पाटी उचलताना आणि रोज दुपारी उतरवताना शिव्या घालायची. तिला त्या मोठ्यानं घालता येत नव्हत्या याला आणखी एक कारण होतं. तिचा नवरा काशीराम याच नीलगंधचा वॉचमन होता. गेटजवळच्या केबिनमध्ये त्याची खुर्ची आणि मागे पंपाच्या शेजारी त्यांची खोली. खोली सोसायटीची, भाडं नाही, नोकरी आहे तोवर आपली. दोन्ही मुलींची लग्नं याच खोलीतून झाली होती. आणि हॉलची चावी, जिथे मंडळाचे गठ्ठे रचलेले असायचे, ती काशीरामच्या केबिनमध्ये खिळ्याला असायची.

गेटच्या बाहेर, पिंपळाच्या सावलीत, पाड्यावरची राधा करवंदं विकायला बसायची. पळसाच्या पानांचे द्रोण, त्यांत काळी करवंदं, वर फडकं. जानकी तिथे पाटी उतरवून घाम पुसत बसे. दोघींची ओळख म्हणजे एवढीच, सावलीपुरती.

त्या दिवशी राधा करवंदांकडे बघायची सोडून पाटीकडे बघत होती.

"बाय, तो हंडा कशावर देतेस?"

"कपड्यावर. तुझ्याकडे कुठले कपडे?"

"हायेत. साड्या हायेत."

"कुठल्या?"

"घरच्या."

जानकीला हसू आलं. राधाच्या अंगावरच्या लुगड्याला ठिगळ होतं. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला आणि हसू गेलं.

"मंडळानं दिलेल्या ना गं? आणि विकतेस?"

"विकते कुठं? हंडा मागते." राधानं द्रोणावरच्या माश्या हाकलल्या. "साड्याच साड्या दिल्या. एकेकीला मोप. फोटो काढले. आता त्या धुवायच्या कशात? विहीर आटली. खालून पाणी वर न्यायचं तर डबडी हायेत, ती गळतात. वर पोचेतो निम्मं पाणी वाटेला. मला मिळाल्या म्हणजे माझ्या झाल्या का नाय?"

जानकीनं द्रोणातलं एक करवंद तोंडात टाकलं. तिला संशय आला. फुकट मिळालेली वस्तू लगोलग सोडायला निघालेलं माणूस तिनं आजवर पाहिलं नव्हतं. विटलेल्या चादरीवरसुद्धा बायका जीव टाकतात, आणि ही कोऱ्यासारख्या साड्या देते म्हणते. काहीतरी डाग असेल, नाहीतर वाळवी. तरी दुसऱ्या दिवशी ती पाटी घेऊन डोंगर चढली, कारण खाली तिला कुणी विचारत नव्हतं.

चढ उभा होता. रस्ता संपला की पायवाट, पायवाटेवर सुटे दगड. पाटीनं मान आखडली आणि चपलेचा अंगठा तुटला. वर पोचली तर पाड्यातल्या बायका वाटच बघत होत्या. साड्या उजेडाकडे धरून धरून जानकीचे डोळे दुखले, पण विर सापडेना. कुणी कळशी घेतली, कुणी झाकणाचं पातेलं. राधानं हिरवी नारायणपेठ पुढे केली आणि हंडा घेतला. घेताना तो आत हात घालून, बुड वाजवून, फिरवून फिरवून बघितला. जानकी साडी बघते तसाच.

"कल्हई नको, काही नको," जानकी म्हणाली. "स्टील आहे. जन्म जाईल."

"बाय, एक सांगते." राधा हंडा कडेवर घेऊन जवळ आली. "खाली बोलू नको. ताई टाकी देणार म्हणतात. मोठी, काळी. टँकर येऊन भरून जाईल. साड्या दिल्या असं कळलं तर टाकी नाय मिळायची."

"मला काय पडलंय सांगायचं?"

"शपथ घे."

"सौदा झाला म्हणजे शपथच," जानकी म्हणाली. आणि तिच्या धंद्यात ते खरं होतं. कापड कुठून आलं ते बोलायचं नाही. सुनेनं सासूची साडी काढून दिली तरी नाही, बाईनं मेलेल्या नवऱ्याचे कपडे तेराव्याच्या आत काढले तरी नाही. सौदा मोडलाच तर भांड्याच्या जागी भांडं आणि कापडाच्या जागी कापड ठेवायचं आणि गप्प उठायचं.

खोलीवर आल्यावर तिनं साड्या धुवायला काढल्या. पाड्यावर धूर असतो, साड्यांना तो लागला होता, आणि वास असलेली साडी जुन्या बाजारातला व्यापारी लांबूनच ओळखतो. साबण लावता लावता तिच्या हातात पदराचा कोपरा आला आणि त्यावरचं कुंकवाचं बोट दिसलं. तिचा हात थांबला. एका सवाष्णीनं लावलेलं कुंकू दुसऱ्या सवाष्णीनं साबणानं घासून काढायचं? काशीरामला रक्तदाब होता. रोज सकाळी गोळी घ्यायला विसरायचा. जानकीनं तो कोपरा उंच धरला आणि बाकीची साडी तेवढी धुतली. मग दुसरी. मग तिसरी. व्यापारी काय तो पुढे धुऊन घेईल, त्याचं तो बघेल.

पंपाच्या मागे दोरीवर साड्या वाळत टाकल्या आणि ती जेवायला बसली. तेवढ्यात रेवती पंपाकडे आली.

रेवती मंडळाची सचिव. वयानं तरुण, पायात पळायचे बूट, हातात कायम फोन. तिच्या मजल्यावर पाणी चढत नव्हतं म्हणून काशीरामला शोधत आली होती. ती दोरीपाशी थबकली. एक पदर उलटा करून पाहिला, मग दुसरा. मग तिनं पाण्याचं काही न विचारता फोन लावला.

"ताई, खाली या. पंपाजवळ. आत्ता."

इरावतीताई आल्या. त्यांच्या मागून आणखी दोघी आल्या, गॅलरीतून काही जणी वाकून बघू लागल्या. ताईंनी हिरव्या नारायणपेठचा पदर हातात घेतला.

"ही माझी आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या डोहाळजेवणाची. मी स्वतः दिली."

जानकीच्या हाताला भात तसाच होता. "ताई, मला मिळाली. धंद्यात."

"कुणाकडून?"

जानकीनं दोरीवरच्या साड्यांकडे बघितलं.

"हॉलची चावी कुणाकडे असते?" रेवतीनं विचारलं. विचारलं कसलं, सांगितलंच.

"ताई, चावीचा काही संबंध नाय."

"मग कुणी दिली ते सांग ना. साधा प्रश्न आहे. आमच्या मोहिमेनं तुझा धंदा बसला, हे कळतं मला. पण म्हणून हॉलमधून उचलायच्या?"

"उचलल्या नाय मी!"

"खोलीत आणखी काय आहे, बघू का?"

बघू का, असं म्हणेपर्यंत ती आत गेलीसुद्धा. गाठोडं बाहेर आलं. गाठ सुटली. जानकीच्या धंद्याचे कपडे पंपाच्या ओल्या फरशीवर पसरले गेले: कुणाच्या विजारी, कुणाचे परकर, फाटके पडदे. त्यांतल्या साड्यांचे पदर एकीनं एकेक करून उलटले. जानकीच्या स्वतःच्या दोन साड्या कडेला घडी करून होत्या, त्यांचेही पदर उलटून झाले. ती खरकटा हात तसाच धरून उभी राहिली. धुवायला नळाकडे जावं तर त्या बायांच्या मधून जावं लागत होतं. हातावरचा भात वाळून कडक झाला.

कुंकवाच्या साड्या मंडळानं उचलून नेल्या. संध्याकाळी सोसायटीच्या सेक्रेटरीनं काशीरामला ऑफिसात बोलावलं. काशीराम बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. रविवारपर्यंत खरं काय ते कळलं नाही तर नोकरी सोडायची आणि खोली रिकामी करायची.

"काय झाला गो नेमका?" त्यानं खोलीत येऊन दार लोटलं. "तू चावी घेतलेलंस काय? मी दुपारी जरा डुलकी काढतंय तेवा?"

"म्हणजे तुका पण असाच वाटता?"

"माका काय वाटता तो प्रश्न नाय. खरां सांग."

जानकीला रडू यायच्या ऐवजी राग आला. इतकी वर्षं एका खोलीत, एका पंपाच्या आवाजात झोपून या माणसाला आपण चोर वाटतो. ती त्याच्याकडे बघू लागली आणि बघता बघता तिची नजर त्याच्या पँटीवर गेली. राखाडी, चांगल्या कापडाची, कंबरेला सैल, म्हणून त्यानं सुतळी बांधली होती. ही तिनं आणलेली नव्हती. तिच्या नजरेतून पँट सुटत नसे.

"ही खंयची?"

"रेवतीताईंनी दिल्यानी."

"कधी?"

"मागच्या महिन्यात. गठ्ठे उचलून दिले म्हणून. तू तर माझ्यावरच घसरलंस!"

"दिल्यानी की तू घेतलंस?"

 काशीरामनं खिडकीकडे तोंड फिरवलं. पँटीला कुंकू नव्हतं, कुंकू फक्त साड्यांना. रेवतीला जाऊन विचारणं म्हणजे आपणच विस्तवाला फुंकर घालणं. म्हणून जानकीनं विचारलं नाही, आणि ते तिला कधीच कळलं नाही. त्या रात्री दोघंही एकमेकांकडे पाठ करून पडली.

सकाळी पाणी भरताना तिचा निर्धार ढासळला. रविवार तोंडावर आला होता. या वयात बिऱ्हाड घेऊन जायचं कुठे? मुलींच्या सासरी? गावी घर होतं त्यावर भावकीचं कुलूप होतं. तिनं नळ बारीक केला आणि काशीरामला राधाचं, पाड्याचं, टाकीचं सगळं सांगितलं.

"कोणाक बोलू नको. माझा मी बघतंय काय करायचा ते."

काशीरामनं मान हलवली, बादली उचलली, खोलीत ठेवली, शर्ट चढवला आणि सरळ इरावतीताईंची बेल वाजवायला गेला. त्याला दोष तरी काय द्यायचा? नोकरी त्याची होती आणि भीतीही त्याचीच होती. पण जानकीला तो दिवसभर डोळ्यांसमोर नको झाला.

इरावतीताईंना ते आधी पटेना. त्यांनी जानकीला वर बोलावलं, सोफ्यावर बस म्हणाल्या. रेवती आधीच येऊन बसली होती. जानकी खालीच बसली.

"आम्ही दिलेल्या साड्या त्या बायकांनी भांड्यांवर दिल्या?"

"हो ताई."

"सगळ्यांनी?"

"बऱ्याच जणींनी."

ताई बराच वेळ बोटाकडे बघत बसल्या. बोटावरचं कुंकू आता गेलं होतं. "मी मनापासून दिल्या होत्या गं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की जानकीला त्यांची दया आली.

"त्यांनी पण मनापासूनच घेतल्या ताई. पाणी नाय त्यांच्याकडे."

"पाण्यासाठी टाकी देणारच आहोत ना आपण!" रेवती म्हणाली. "ताई, हिचं कशावरून खरं? स्वतःची मान सोडवायला गरिबांवर ढकलतेय. आपण तिथे जाऊ आणि समोरासमोर विचारू."

रेवतीच्या गाडीतून त्या निघाल्या. पुढे दोघी, मागे जानकी एकटी. गाडीत गार हवा होती आणि जानकीला त्या हवेनं शिंका येत होत्या. रस्ता संपला तिथे गाडी लावली. ताईंचे गुडघे दुखत होते, त्या प्रत्येक वळणावर थांबत होत्या, आणि जानकीनं हात पुढे केला तर तो धरत नव्हत्या. झाडांची पानं करपली होती. वर कुठेतरी कुत्रं भुंकलं आणि पाड्याला कळलं की कुणीतरी आलं.

बायका जमल्या. राधाही आली. तिनं जानकीला बघितलं, मग ताईंना, आणि पुन्हा जानकीकडे बघितलंच नाही.

"राधाबाई, तुम्हाला दिलेली हिरवी साडी कुठे आहे?" ताईंनी मऊ आवाजात विचारलं.

"हाय की. लेकीकडं दिली. तिच्या सासरी."

"आणि तुमची?" रेवतीनं शेजारणीला विचारलं.

"धुवायला टाकलीय."

"कुठे?"

"खाली. नदीवर."

"तुमची?"

"पेटीत हाय. चावी मालकाकडं. मालक कामाला."

एकीनं तर साडी म्हशीनं खाल्ली असं सांगितलं. पाड्यात म्हैस नव्हती. रेवतीला ते कळलं की नाही कोण जाणे, पण ती जानकीकडे वळली.

"काय गं? बघ. कुणीच दिली नाही म्हणतायत."

"राधाबाई, या बाईला तुम्ही ओळखता का?" ताईंनी राधाला विचारलं.

राधानं जानकीकडे पहिल्यांदा नीट बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. विनवणी होती, आणि ती जानकीला चांगली कळली. गप्प राहा. तू खाली कुठेही राहशील, आम्हाला टाकी एकदाच मिळणार आहे.

"नाय," राधा म्हणाली. "कधी बघितली नाय."

जानकीचं डोकं तापलं. पिंपळाखाली किती दुपारी आपण या बाईच्या शेजारी बसलो, हिची करवंदं तोंडात टाकली, आणि ही कधी बघितली नाय म्हणते. आपण शपथ मोडली हे तिला ठाऊक होतं. त्याची लाज होती, आणि लाज होती म्हणूनच राग जास्त आला. रविवार तिच्या मानेवर बसला होता. ओल्या फरशीवर सुटलेलं आपलं गाठोडं तिला दिसत होतं.

"बघितली नाय?" ती म्हणाली. "मग तुझ्या दारात तो हंडा कुणाचा?"

राधाच्या झोपडीच्या दारात, सावलीला, हंडा होता. काठोकाठ भरलेला, वर ओलं फडकं. पहाटे उठून कुणीतरी खालच्या वस्तीतल्या नळावरून तो डोक्यावर वर आणला असणार. पाड्यात एवढं पाणी दुसऱ्या कुणाच्या दारात दिसत नव्हतं.

"माझा हाय," राधा म्हणाली.

"काठाखाली पोचा आहे त्याला. स्टेशनबाहेर रिक्षावाल्यानं धक्का दिला तेव्हा माझ्या पाटीतून पडला होता. फडकं काढा ताई, बघा. डाव्या अंगाला असेल."

रेवती पुढे झाली. तिनं फडकं उचललं आणि वाकून बघितलं. मग तिनं मान वर केली. पोचा होता.

 एका पोरानं रडायला सुरुवात केली, त्याच्या आईनं त्याला आत नेलं. राधा दाराशी गेली. तिनं हंड्याला दोन्ही हात घातले, उचलला, आणि सगळ्यांच्या देखत आडवा केला.

पाणी धबधब मातीवर पडलं. तापलेली माती होती, तिनं ते लगेच पिऊन टाकलं, उरलेला ओघळ उतारानं ताईंच्या पायांपर्यंत आला. ताईंनी निऱ्या वर उचलल्या. पाड्यातल्या बायका पाण्याकडे बघत होत्या, राधाकडे नाही. शेवटचा थेंब झटकून राधानं हंडा जानकीच्या पुढ्यात ठेवला.

"तुझा हाय ना? ने."

"राधा, मी हंडा मागितला नाय गं. मी फक्त..."

"ने म्हणते ना. सौदा मोडला. माझी साडी ठेव हितं आणि हंडा ने."

साडी जानकीकडे कुठे होती? ती मंडळाच्या हॉलमध्ये, कुलपात होती. जानकीनं ताईंकडे बघितलं. ताई दुसरीकडेच बघत होत्या, दरीकडे. 

"चला," त्या म्हणाल्या. "कळलं आपल्याला काय कळायचं ते."

"हंडा घे गं," रेवती जानकीला म्हणाली. "पुरावा आहे. सेक्रेटरींना दाखवायला बरा."

जानकीनं हंडा उचलला. ठेवून जावं असं तिच्या मनात आलं होतं, पण राधा दार लावून आत गेली होती आणि बाकीच्या बायका वाटेत उभ्या होत्या, वाट न सोडता, तिच्या हाताकडे बघत. ठेवला असता तर तो कुणी घेतला नसता. उतरताना तिच्या कडेवर हंडा होता आणि त्याची ओल तिच्या साडीला लागत होती.

गाडी खालच्या रस्त्याला लागली. मग ताई पुढूनच म्हणाल्या, "काशीरामचं मी आजच बोलते सेक्रेटरींशी. त्याच्यावर काही किटाळ राहणार नाही. आणि तुलाही त्रास झाला, ते मनात ठेवू नकोस."

"ताई, एक मागू?"

"बोल."

"राधाची ती हिरवी साडी तेवढी द्या मला. मी तिला परत नेऊन देते."

"तिलाच?" रेवतीनं आरशातून मागे बघितलं. "म्हणजे पुन्हा कुणाला तरी विकायला?"

"आमच्यात असंच असतं ताई. भांडं परत आलं तर कापड परत करायचं."

"अगं, पण ती साडी तुझी नव्हतीच," ताई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, दमल्या होत्या. "माझी होती, मी दान केली, त्यांनी नाकारली. माझ्याकडे परत आली. तुझं भांडं तुला मिळालं. झाली ना फिटंफाट? त्या सगळ्या साड्या आता आश्रमशाळेला देऊ. आणि टाकीचंही दुसरीकडेच बघावं लागेल. नाहीतर उद्या तीही कुणाला तरी देतील."

रेवती हसली. जानकीनं बाहेर बघितलं. हंडा तिच्या मांडीवर होता, गार हवेनं तो आणखी गार पडला होता.

नीलगंधच्या गेटशी गाडी आली तेव्हा काशीराम केबिनमधून धावत बाहेर आला. त्यानं गेट उघडलं, सलाम ठोकला, आणि काचेतून ताईंचा चेहरा वाचायला बघू लागला. ताईंनी काच खाली केली.

"काशीराम, काळजी करू नको. तुमची काही चूक नव्हती."

काशीरामनं दोन्ही हात जोडले. गाडी आत गेली. जानकी मागचं दार उघडून उतरली, तेव्हा तो तिच्याजवळ आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खोली वाचली होती, नोकरी वाचली होती, त्याला तिच्याशी काहीतरी चांगलं बोलायचं होतं आणि काय बोलावं ते सुचत नव्हतं. त्याची नजर तिच्या कडेवर गेली.

"जाताना तर मोकळीच गेलेलंस," तो म्हणाला. "हो हंडो खंयसून आणलंस?"

"चोरलंय," जानकी म्हणाली, आणि खोलीकडे चालू लागली.